अवसेच्या शेवया

विरुपाक्ष भित्रा नव्हता. निदान मिलच्या टाइम-ऑफिसात बसून तो सगळ्यांना तसं सांगत असे. "भुतंखेतं तुमच्यात. आमच्यात माणूस गेलं की थेट शिवात मिळतं. मागं उरतंच कोण त्रास द्यायला?" असं तो हजेरीचं रजिस्टर मिटता मिटता म्हणे, आणि लिंगायत नसलेले बाकीचे तीन कारकून निमूटपणे चहा पीत. (हाच विरुपाक्ष दुसऱ्या पाळीनंतर घरी येताना कोपऱ्यावरचा पिंपळ टाळण्यासाठी दोन गल्ल्यांचा वळसा घेई, ही गोष्ट वेगळी. तेवढाच व्यायाम, असं त्याचं म्हणणं.)

अशा या निर्भय गृहस्थानं चैत्री अमावास्येला, रविवारी, भर दुपारी बारा वाजता, साखर पेठेत एकट्यानं जाऊन परमुलखातल्या शेवया खायचं ठरवलं. त्याला कारण त्याची बायको.

दाक्षायणीला पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा आशा लागून वाया गेली होती, आणि दुसऱ्या खेपेला तर पाळण्याला रंगसुद्धा देऊन झाला होता. आता तिसऱ्या खेपेला तिच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी ठरेना, भात ठरेना, ताकाचा घोटसुद्धा घटकाभरात उलटून पडे. तीन आठवड्यांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले होते, "काहीही द्या, पण पोटात राहील असं द्या. नाहीतर दोन्ही जिवांना कठीण आहे." हे वाक्य विरुपाक्षानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते तो एकटाच बाळगून होता, आणि रात्री कूस बदलताना ते त्याला टोचत असे.

आणि मग मंद्रूपकडची चिमाबाई शेळीचं दूध घालायला आली. चिमाबाईला दूध घालायला जेवढा वेळ लागे, त्याच्या चौपट वेळ बातम्या घालायला लागे.

"अक्का, साखर पेठेतली ती आशण्णाची खानावळ हाय न्हवं? त्याची बायको सायगावची. बोटीतनं आलीया. ती अवसेला अन् पुनवेला मटणाचं भांडं चुलीपाशीबी येऊ देत न्हाई. त्या दिशी निस्त्या तांदळाच्या शेवया करती. लांबच्या लांब! वर आल्याचं कढण, पुदिना, कोथमीर, मोडाचं मूग, शेंगा भाजून कुटलेल्या, अन् लिंबू पिळलं की काय वास येतो म्हनून सांगू!"

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या दाक्षायणीनं मान वळवली.

"लिंबू?" ती म्हणाली. दिवसभरातला तिचा तो पहिला शब्द होता.

विरुपाक्षाची आई पार्वतम्मा, त्याची अव्वा, जपाला बसली होती. तिनं डोळे न उघडताच निकाल दिला. "अवसेचं, परक्या चुलीवरचं, पोटुशी बाईला? मी जित्ती असताना न्हाई." आणि तिचा जप पुढं चालू झाला.

पण चिमाबाई गेल्यावर दाक्षायणीनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली. "अहो, तेवढं आना की." सात वर्षांच्या संसारात तिनं तोंडानं मागितलेली ही दुसरी वस्तू. (पहिली म्हणजे दाराला कडी. ती अजून बसायची होती.) बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर पुढं मुलाच्या तोंडाला कायमची लाळ लागते म्हणतात. पण विरुपाक्षाला लाळेची काळजी नव्हती. लाळ गाळायला मूल तरी हवं ना.

तेव्हा ठरलं ते असं. आईला सांगायचं, हजेरीचा मेळ घालायला ऑफिसात जातो. जायचं साखर पेठेत. आधी स्वतः खाऊन बघायचं, त्यात काही भलतंसलतं नाही याची खात्री करायची, आणि मग गुपचूप कडीच्या डब्यातून घरी आणायचं. घरातून निघताना अवस म्हणून पार्वतम्मानं त्याच्या कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले, आणि दाक्षायणीच्या तर कपाळाला, दंडांना, गळ्याला, जिथं जागा दिसेल तिथं विभूती फासली. मग तिला गार फरशीवर निजवलं.

साखर पेठेत पाऊल टाकलं आणि विरुपाक्षाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते कळायला चार घरं मागं पडावी लागली. आवाजच नव्हता. एरवी या पेठेत घराघरातून मागांचा असा खटखटाट चालतो की समोरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. अवसेला माग बंद. सगळी गल्ली उन्हात पांढरी पडली होती, सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या, आणि त्याच्या स्वतःच्या वहाणांचा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून त्याच्याच मागं मागं येत होता. तो थांबला की तोही थांबे. एकदा तो मुद्दामच थांबला, तेव्हा मागचा आवाज अर्धं पाऊल उशिरा थांबला. त्यानंतर मात्र तो थांबायच्या भानगडीत पडला नाही.

भर दुपारची बाराची वेळ काय असते ते सोलापुरात लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. विरुपाक्षानं गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याला हात लावला. (भीती म्हणून नव्हे. आहे की नाही ते बघायला.)

खानावळीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. लांबलचक अंधारी खोली, चार बाकडी, आणि कोपऱ्यात एका फळीवर कुठल्याशा शांत, डोळे मिटलेल्या देवाचं चित्र. त्याच्यापुढं तांदळांनी भरलेली वाटी, आणि तांदळात खोवलेल्या तीन उदबत्त्या. धूर सरळ वर चालला होता, जरासुद्धा हलत नव्हता.

"कोण हाय का?" विरुपाक्ष म्हणाला.

उत्तर आलं नाही. पण मान वळवून बघतो तो एक बाई त्याच्या बाजूला उभी. पावलं वाजली नव्हती, पडदा हलला नव्हता. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. ती हसली, तर तोंडात दात काळेभोर आणि चकचकीत. आपल्याकडच्या जुन्या बायका दातवण लावतात त्यातलाच प्रकार, हे विरुपाक्षाला कळत होतं. पण कळणं आणि दाराकडे सरकणं ही दोन कामं माणूस एकाच वेळी करू शकतो.

हीच ती आशण्णाची बायको, लानअम्मा. आशण्णा हा इथलाच विणकर. तरणेपणी माग सोडून पळाला, पाँडिचेरीच्या एका कापडवाल्याबरोबर बोटीतून पार पूर्वेच्या समुद्रापलीकडे सायगावला गेला, आणि वीस वर्षांनी ही बायको आणि शेवया काढायचा एक भोकाभोकांचा डबा घेऊन परत आला. लानअम्माला तिची भाषा येई, नवऱ्याची तेलुगू येई, आणि मराठीचे दहा-बारा शब्द येत. त्यातले निम्मे भाज्यांचे होते.

तिनं काही न विचारता त्याच्यापुढं मोठा वाडगा आणून ठेवला. पांढऱ्या, जवळजवळ पारदर्शक शेवयांचा ढीग, त्यावर हिरवा पाला, आणि वाफ अशी की पलीकडची भिंत दिसेना. विरुपाक्षानं आधी वास घेतला. आलं, दालचिनी, चक्रीफूल. आईच्या काळ्या मसाल्यातलंच सगळं, पण इथं ते पांढऱ्या पाण्यात होतं. मग त्यानं बोटानं ढवळून तळापर्यंत तपास केला. मटण नव्हतं. वाडग्याशेजारी मात्र दोन काड्या ठेवलेल्या होत्या. सोललेल्या, गुळगुळीत, वीतभर लांब.

आता आली पंचाईत. या काड्या कशाला? त्यानं कोपऱ्यातल्या फळीकडे बघितलं. तिथं तांदळात उदबत्त्या खोवलेल्या. आपल्या घरीही पूजेला उदबत्ती केळ्यात नाहीतर तांदळात खोवतात. म्हणजे ही या लोकांची जेवणाआधीची पूजा, आणि या त्यांच्याकडच्या जाड उदबत्त्या. पेटवायला ती बाई येईलच. परक्याच्या घरी गेल्यावर परक्याची रीत पाळावी एवढी समज विरुपाक्षाला होती. (ही समज थोडी कमी असती तर पुढचं काही झालं नसतं.)

त्यानं त्या दोन्ही काड्या शेवयांच्या ढिगात उभ्या खोवल्या, हात जोडले आणि डोळे मिटले.

"शिवा," तो मनात म्हणाला, "हे तिच्या पोटात ठरू दे. मला काही नको. ती एवढी राहू दे." आणि काय झालं कोण जाणे, तीन आठवडे आवरून धरलेलं पाणी त्याच्या डोळ्यांतून गालावर आलं. थोडं आल्याच्या वाफेनं आलं असेल. बाकीचं त्याचं होतं.

डोळे उघडले तेव्हा लानअम्मा समोर उभी होती आणि तिच्या तोंडावरचं हसू पार पुसलं गेलं होतं. ती त्या उभ्या काड्यांकडे बघत होती. तिनं तोंडावर हात धरला. मग अगदी हळू विचारलं, "कोण?"

कुणासाठी न्यायचंय, असं विचारते आहे, विरुपाक्ष समजला. त्यानं डबा पुढं केला. "बायको." तिला कळावं म्हणून त्यानं पोटापुढं हातानं गोलाई दाखवली, पाच बोटं दाखवली. मग तोंडाकडे घास नेऊन मान हलवली, आणि दोन्ही तळहात उलटे करून दाखवले. काही नाही. काही ठरत नाही.

लानअम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती समोरच्या बाकावर बसली आणि तिनं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे हात गार होते.

उजवा हात मोकळा होता, म्हणून विरुपाक्ष जेवला. दुसरं काय करणार? शेवई उचलली तर तिला शेवटच सापडेना. एक टोक तोंडात, दुसरं वाडग्यात, आणि मधला सगळा प्रवास मिशीवरून. कढण मात्र असं होतं की कानशिलांना घाम फुटला आणि जीव थाऱ्यावर आला. इतकं चांगलं लागावं याचा त्याला रागच आला. समोर एक अनोळखी बाई आपला हात धरून मुसमुसते आहे, कोपऱ्यात तो मिटल्या डोळ्यांचा देव, बाहेर मुकी पेठ, आणि आपण लिंबू अजून थोडं हवं होतं असा विचार करतो आहोत!

तेवढ्यात मागच्या दारानं आशण्णा पाण्याचे हंडे घेऊन आला. लानअम्मा त्याच्याशी आपल्या भाषेत भराभर बोलली. त्या भाषेत शब्द गाण्यासारखे वरखाली होतात. विरुपाक्षाला ती मंत्र म्हणते आहे असं वाटलं. आशण्णानं हंडे खाली ठेवले आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"घरी कोन हाय?" त्यानं विचारलं.

"अव्वा हाय. एकटीच बसलीया तिच्याजवळ."

"अन् तुमी हितं?"

"तिच्यासाठीच आलो. तिला ह्येच पायजे हुतं. तेवढीच विच्छा तिची."

आशण्णानं डोळे टिपले. "मंग ती पुरी कराया पायजे. न्हाईतर जीव अडकतो. तुमी पुढं व्हा, टाइमकीपरचं घर कोनबी दावील. आमी तिचं जेवन घिऊन मागनं येतो. पैशाचं नाव काढू नका, असल्या जेवनाला पैसं घेत न्हाईत."

विरुपाक्ष बाकावरून उठला. "असल्या म्हंजे? आशण्णा, झालंय काय? काय दिसलं तुमाला?"

"मला न्हाई. हिला दिसलं." आशण्णानं वाडग्याकडे बोट केलं. "काड्यांत."

विरुपाक्षानं बघितलं. जवळजवळ रिकाम्या झालेल्या वाडग्यात, उरलेल्या शेवयांच्या गुंत्यात त्या दोन काड्या अजून उभ्याच होत्या, आणि त्यांच्याभोवतीनं वाफेची एक बारीक रेघ वर चालली होती. या बाईला पुढचं दिसतं! आपण हात जोडले, आणि हिनं काड्यांत बघितलं, आणि रडायला लागली.

विचारायला हवं होतं. 'ती मरणार आहे का' एवढे चार शब्द. पण पोटुशी बाईविषयी, अवसेला, भर बाराला, तो शब्द कोण उच्चारील? वास्तू तथास्तु म्हणत असते. विरुपाक्षानं तो उच्चारला नाही आणि आशण्णानंही उच्चारला नाही. दोघं सभ्य माणसं त्या शब्दाला वळसा घालून उभी राहिली. तेवढ्यात लानअम्मानं एका पांढऱ्या कापडाची पट्टी टरकन फाडली आणि विरुपाक्षाच्या डोक्याभोवती गुंडाळून मागं गाठ मारली.

"ह्ये काढू नका," आशण्णा म्हणाला.

हा बंदोबस्त दिसतोय, गंडा-ताईत असतो तसा, असं समजून विरुपाक्ष पळत सुटला. डबा तिथंच राहिला.

सोलापूरच्या लोकांनी टाइमकीपर विरुपाक्षाला पळताना कधी बघितलं नव्हतं. कपाळाला पांढरी पट्टी, विभूती घामानं ओघळून नाकापर्यंत आलेली, मिशीत एक शेवई, आणि नजर थाऱ्यावर नाही. एरवी घंटी वाजवून माणसाला गटारात ढकलणारा टांगेवाला आपण होऊन बाजूला झाला. पानवाल्यानं टोपी काढली. ज्याला त्याला कळलंय, विरुपाक्षाच्या मनात आलं. सगळ्या गावाला कळलंय, एकट्या मलाच सांगत नाहीत.

कोपऱ्यावर चिमाबाई शेळ्या घेऊन चालली होती. "अगं बया! अण्णा, ह्ये काय? काय झालं?"

"दाक्षायणी…" विरुपाक्ष एवढंच म्हणाला आणि पुढं पळाला. तेवढं चिमाबाईला पुष्कळ होतं. तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून असा हंबरडा फोडला की तिच्या शेळ्याही ओरडू लागल्या.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. (कडी नव्हतीच.) आत अंधार. बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागलं. माजघरात फरशीवर दाक्षायणी सरळ उताणी पडली होती. हात अंगाशी, पाय जुळलेले, आणि डोक्यापासून छातीपर्यंत पांढरं कापड. शेजारी आई डोळे मिटून पुटपुटत होती.

विरुपाक्ष उंबऱ्यातच बसला. त्याला रडू येईना. त्याला एवढंच आठवलं की सकाळी निघताना तिनं 'लौकर या' म्हटलं होतं, आणि त्यावर आपण 'हूं' म्हटलं होतं. सात वर्षांत शेवटी काय बोललो, तर हूं! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पण त्याही अवस्थेत त्याच्या कारकुनी मेंदूनं एक गोष्ट टिपली. ही निजलेली आहे. आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. भिंतीशी मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, आणि बसलेल्यालाच नेतात. निजलीय म्हणजे… म्हणजे अजून…

नेमकं त्याच क्षणी ते पांढरं कापड हललं. उंबऱ्यातल्या धडपडीनं दाक्षायणीला जाग आली होती. उकाड्यानं आणि मळमळीनं हैराण होऊन तिनं ओलं धोतर तोंडावर घेतलं होतं. ती ते तसंच डोक्यावर ठेवून उठली, मागं सरकली, भिंतीला टेकली आणि मांडी घालून बसली. दंडांवर विभूती, गळ्यावर विभूती.

"अव्वा!" विरुपाक्ष किंचाळला. "बसवलीबी?"

पार्वतम्मानं डोळे उघडले. "मी कशाला बसवू? आपनच बसली की!"

आणि कापडाखालून एक खोल, कोरडा आवाज आला. "आनलं का?"

लिंगायतांत भुतं नसतात हा सिद्धान्त विरुपाक्षानं त्याच क्षणी सोडला. तो उलट्या पावलांनी दाराबाहेर आला आणि वळला, तर समोर अख्खी गल्ली भरलेली. पुढं लानअम्मा, कपाळाला पांढरी पट्टी, हातात धुपाटणं. तिच्या मागं आशण्णा, डोक्यावर वाफाळणारं पातेलं. त्याच्यामागं पेठेतल्या विणकरांच्या बायका, काही विचारपूस न करता शिस्तीत रडणाऱ्या. आणि सगळ्यांच्या मागं ऊर बडवत चिमाबाई, शेळ्यांसकट. म्हणजे खरंच! आता शंका कसली? विरुपाक्ष त्या शेळ्यांमध्ये घुसला आणि त्यातल्या सगळ्यांत मोठीच्या आड बसला.

दारात दाक्षायणी येऊन उभी राहिली. डोक्यावर ते ओलं धोतर, चेहरा विभूतीनं पांढराफटक.

रडणं एकदम थांबलं. इतकं थांबलं की धुपाटण्यातला निखारा तडतडलेला ऐकू आला. दोन बायका न वळता, तशाच मागं मागं सरकत गल्लीबाहेर गेल्या. उन्हात कुणी हललं नाही.

"पाय बगा!" चिमाबाई कुजबुजली. "पाय कुनीकडं हायत ते बगा!"

पंचवीस जणांनी दाक्षायणीच्या पायांकडे बघितलं. तिनं घाबरून स्वतःही बघितलं.

"सरळ हायत," आशण्णा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "पन अवस हाय. आज काय सांगता येतंय?"

लानअम्मा मात्र मागं सरकली नाही. तिनं धुपाटणं खाली ठेवलं, पातेल्यातून वाडगा भरला, आणि दोन्ही हातांनी पुढं धरून एक एक पायरी चढली. जाता जाता नवऱ्याला काही म्हणाली. आशण्णानं ते सगळ्यांना सांगितलं, "ती म्हनती, गेलेलं मानूस निस्ती वाफ खातं. वाडगा तसाच भरल्याला ऱ्हातो. आता बगायचं."

दाक्षायणीनं वाडगा घेतला. नाकाशी नेला. लिंबाचा वास आला तसे तिचे डोळे मिटले. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि बोटांनी खाऊ लागली.

गल्लीत श्वास चालू होता तो फक्त शेळ्यांचा. सगळ्या नजरा वाडग्यावर. पाला गेला. मूग गेले. शेवयांचा ढीग खचत खचत तळाला गेला. मग तिनं वाडगा तोंडाला लावला, घटाघट कढण प्यायली, आणि रिकामा वाडगा खाली ठेवला.

"रिकामा झाला!" चिमाबाई ओरडली. "जित्ती हाय! अगं बया, जित्ती हाय!"

पण विरुपाक्ष शेळीआडून उठला नाही. खरी घटका आता होती, आणि ती त्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक होती. तीन आठवडे असंच व्हायचं. खायची, आणि मग कपाळावर घाम यायचा, आणि मग सगळं उलटायचं. त्यानं तिच्या कपाळाकडे नजर लावली. शिवा, शिवा, शिवा. दोन मिनिटं गेली. पाच गेली. आतून पार्वतम्मा हातात केरसुणी घेऊन तणतणत आली. दारातली गर्दी, पातेलं आणि उंबऱ्यावरची सून बघून केरसुणी वर उगारलेली तशीच राहिली.

दाक्षायणीनं एक मोठा ढेकर दिला. मग वाडगा पुढं केला.

पार्वतम्मा सुनेकडे बघत राहिली. केरसुणी खाली आली. ती आशण्णाला म्हणाली, "त्यात अजून हाय का, बाबा? अन् थोडं लिंबू जास्ती पिळा तिला."

तेव्हा कुठं विरुपाक्षाला रडू आलं. एका शेळीच्या पाठीवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला, आणि त्या शेळीनं त्याच्या डोक्याची पांढरी पट्टी शांतपणे खाऊन टाकली.

पुढचा उलगडा व्हायला दुपार गेली. त्या काड्यांनी शेवया उचलून खायच्या असतात, अन्नात त्या उभ्या खोवतात त्या फक्त मेलेल्याच्या नावानं, आणि डोक्याला पांढरी पट्टी बांधतात ती सुतकाची, हे आशण्णानं समजावून सांगितलं. सांगताना तो एकदाही हसला नाही. लानअम्मानं मात्र पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. आपण जिवंत बाईला श्राद्धाचं जेवण वाढलं याचं तिला आधी फार वाईट वाटलं. मग तिनं सांगितलं की आपल्या नावाचा घास जो स्वतःच खातो तो शंभर वर्षं जगतो. तिच्या देशात खरंच असं म्हणतात की तिनं ते तिथल्या तिथं जुळवलं, हे कुणी विचारलं नाही. पार्वतम्मानं तिला पाटावर बसवून तिच्या ओटीत खोबरं घातलं.

दिवेलागणीला सगळे गेले. दाक्षायणी भिंतीला टेकून बसली होती. तिसरा वाडगाही पोटात ठरला होता, आणि महिन्याभरानं तिच्या तोंडावर रंग दिसत होता. विरुपाक्ष समोर बसून तिच्याकडे बघत होता. थोड्या थोड्या वेळानं पायांकडेही बघत होता.

"मी गेले असं वाटलं तुमाला, तवा तुमी पळाला," ती म्हणाली.

"तसं न्हवं…"

"अन् मी उठून बसले, तवाबी पळाला. मंग मी करायचं तरी काय?"

ती हसायला लागली. पोटाला हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ते बघून त्यालाही हसू आलं. मग ती जरा सरकून त्याच्याजवळ बसली.

"पुनवेला परत पायजे मला," ती म्हणाली.

"आनतो की. पन आता कुठल्या तोंडानं जाऊ तितं? जाऊन काय सांगू?"

"काई सांगू नका. निस्तं जाऊन बसा. तुमचं तोंड बगितलं की ती मानसं आपोआप घरी आनून देत्यात."